पेपरवेटखालची प्रश्नावली

काकांच्या टेबलावर काचेचा एक जाड पेपरवेट आहे. त्याच्याखाली विजेचं बिल, कुठल्याशा औषध कंपनीच्या एमआरने दिलेलं कॅलेंडर आणि आठ पानांची एक प्रश्नावली दिवाळीपासून एकत्र नांदतायत. प्रश्नावली एक तरुण संशोधक स्वतः आणून देऊन गेला होता. मुलगा सभ्य होता. काकांनी त्याला चहा पाजला, "भरून ठेवतो" म्हणाले, आणि तो गेल्यावर बाहेर बसलेल्या पंचवीस-तीस जणांकडे बघून कागद पेपरवेटखाली सरकवले. त्याने नंतर दोनदा फोन केला. मग फोनही थांबले.

काकांचा दवाखाना इंदुरात मालवा मिलच्या बाजूला आहे. सुरुवातीचे त्यांचे पेशंट म्हणजे गिरणी कामगार. 1991 साली हुकुमचंद मिल बंद पडली. आता त्या कामगारांची नातवंडं दाखवायला येतात. मी संख्याशास्त्र शिकवते. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले आणि सवयीने ते कागद उपसून वाचायला लागले. पहिलंच शीर्षक होतं : 'डॉक्टर व दवाखान्याची माहिती'. वय, लिंग, पदवी, प्रॅक्टिसची वर्षं, एकटे की भागीदारीत, मदतनीस किती, रोजचे पेशंट किती, एका पेशंटला किती मिनिटं, कॉम्प्युटर आहे का.

"अगं, ह्यांना रोग शोधायचाय की माझं लग्न जमवायचंय?" काका म्हणाले. "बायोडेटाच मागतायत."

काकांचं हसणं मला पटलं, पण त्या मुलाचे प्रश्नही बरोबर होते. फॅमिली डॉक्टरांवरचं कुठलंही संशोधन उघडा, त्यात जवळजवळ पहिलाच तक्ता हा असतो : कोणते डॉक्टर, कसले दवाखाने. वाचणारे बहुतेक तो ओलांडून थेट निष्कर्षावर उडी मारतात. वर्तमानपत्रात तर तो कधीच येत नाही. तिथे एवढंच येतं की 'डॉक्टर अमुक टक्के वेळा विनाकारण अँटिबायोटिक देतात'. कुठले डॉक्टर? इथेच खरी मेख आहे, म्हणून आज फक्त त्या पहिल्या तक्त्याबद्दल.

आधी हे, की एवढ्या छोट्या दवाखान्यांवर संशोधन करायचंच कशाला? मोठी हॉस्पिटलं आहेत, इंदूरचं मोठं सरकारी एम. वाय. हॉस्पिटल आहे, तिथे पेशंटचा महापूर असतो.

1961 साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती एकत्र करून एक साधा हिशेब मांडला. 1000 प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या साधारण 750 जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. 250 जण डॉक्टरकडे जातात. 9 जण हॉस्पिटलात दाखल होतात. आणि मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो तो एक. वैद्यकीय ज्ञान तयार होतं बहुतेक त्या एकावर, आणि वापरलं जातं त्या 250 जणांवर. आकडे जुने आहेत, परदेशातले आहेत, पण उतरंड अशीच असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. छातीत जळजळ झाली की आपण आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, एम. वाय.ला नाही.

या उतरंडीचा एक परिणाम जरा गणित करून बघण्यासारखा आहे. समजा, क्षयाची एक तपासणी आहे. खरे रोगी शंभरातले 90 पकडते, आणि निरोगी शंभरातल्या 90 जणांना बरोबर मोकळं सोडते. ऐकायला उत्तम. आता काकांच्या दवाखान्यात खोकणारे 1000 जण आले आणि त्यातल्या फक्त 20 जणांना खरा क्षय आहे असं धरा. तपासणी 18 जणांना पकडेल. पण उरलेल्या 980 निरोग्यांतल्या 98 जणांनाही ती उगाच 'आहे' म्हणेल. म्हणजे 116 जणांच्या हातात 'पॉझिटिव्ह'चा कागद, आणि खरे त्यातले 18. शंभरात सोळासुद्धा नाहीत! तीच तपासणी छातीच्या रोगांच्या हॉस्पिटलात करा, जिथे 1000 मध्ये 300 खरे रोगी आहेत असं मानू. तिथे 270 खरे आणि 70 खोटे, म्हणजे शंभरात 79 खरे. यंत्र तेच, रसायन तेच. बदलला तो फक्त दवाखाना. हॉस्पिटलात सिद्ध झालेली गोष्ट डोळे मिटून मालवा मिलला आणता येत नाही ती यासाठी. वरचे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण तत्त्व जगभर असंच चालतं.

गल्लीतल्या डॉक्टराने स्वतः संशोधन करण्याची परंपराही आहे. जेम्स मॅकेन्झी हे इंग्लंडमधल्या बर्नली नावाच्या गिरणीगावातले साधे जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर. मालवा मिलची आठवण यावी असंच ते गाव. पेशंट बघता बघता त्यांनी नाडीचे आलेख काढणारं यंत्र बनवून घेतलं, आणि हृदयाचे कुठले ठोके घातक आणि कुठले निरुपद्रवी हे वर्षानुवर्षं तेच पेशंट बघून ठरवलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरला रोग शेवटी भेटतो, जीपीला तो सुरुवातीला भेटतो, हा त्यांचा मुद्दा होता. दुसरे विल पिकल्स, यॉर्कशरच्या वेन्सलीडेल खोऱ्यातले. 1929 मध्ये तिथे काविळीची साथ आली. कोण कोणाला कधी भेटलं, जत्रेत कोण होतं, कोणाच्या घरी कोण जेवलं हे सगळं त्यांना ठाऊक. घरच्यांच्या मदतीने ते रोज तक्ते भरत. त्यावरून संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण महिनाभर जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. ते कुठल्या प्रयोगशाळेत सापडलं नसतं. गावं छोटी, वस्ती आटोपशीर, लोक एकाच डॉक्टरकडे येणारे, हीच त्यांची प्रयोगशाळा. थोडक्यात, पिकल्सच्या शोधात पिकल्स जितके आहेत तितकाच त्यांचा दवाखाना आहे.

आता आपल्या गावात येऊ. समजा, मला इंदुरात अभ्यास करायचा आहे : साध्या तापाच्या किती पेशंटना जनरल प्रॅक्टिशनर अँटिबायोटिक देतात?

पहिल्याच पायरीवर ठेच लागते. जनरल प्रॅक्टिशनर कोणाला म्हणायचं? ब्रिटनमध्ये जीपी व्हायला डॉक्टरी पदवीनंतर वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि जवळजवळ प्रत्येक माणसाचं नाव एका प्रॅक्टिसमध्ये नोंदलेलं असतं. आपल्याकडे एमबीबीएस होऊन पाटी लावली की झाला जीपी. आयुर्वेदाचे बीएएमएस आणि होमिओपॅथीचे बीएचएमएसवाले आहेत, आणि कितीतरी वस्त्यांत तेच पहिले डॉक्टर असतात. फॅमिली मेडिसिनची पदव्युत्तर पदवी घेतलेले मोजकेच. त्याखेरीज माळव्यात ज्यांना 'झोलाछाप' म्हणतात ते, पदवी नसलेले, पण सुई-बाटली सर्रास लावणारे. माझी यादी वैद्यकीय परिषदेच्या नोंदींवरून बनवली तर बीएएमएस, बीएचएमएसवाले आणि झोलाछाप गळतात. डॉक्टरांच्या संघटनेच्या यादीवरून बनवली तर सभांना न जाणारेही गळतात. गल्लोगल्ली चालत जाऊन प्रत्येक पाटी आणि पाटी नसलेला प्रत्येक दवाखाना टिपला, तरच खरी यादी.

हा कुटाणा कोणी केला नाही असं नाही. तेव्हा जागतिक बँकेत असलेले जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच मध्य प्रदेशात खेड्यापाड्यांत तो केला. उपचार देणारे सगळे, पदवीवाले आणि बिनपदवीवाले, त्यांनी मोजून काढले आणि मग त्यांच्याकडे शिकवून तयार केलेले 'पेशंट' पाठवले. एक छातीत दुखण्याची तक्रार घेऊन, एक दम्याची, आणि एक घरी असलेल्या मुलाच्या आवेची. 2012 साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षात मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागातल्या त्या उपचारकांपैकी 67 टक्के लोकांकडे कुठलीही वैद्यकीय पदवी नव्हती. केवळ परिषदेची यादी घेऊन बसले असते, तर दोन तृतीयांश चित्र कागदावर उमटलंच नसतं.

याच मंडळींच्या नंतरच्या कामात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. त्यांनी असे डॉक्टर निवडले जे सकाळी सरकारी केंद्रात बसतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचा खाजगी दवाखाना चालवतात. माणूस एकच, पदवी एकच, डोकं एकच. पण खाजगी खुर्चीत बसल्यावर त्याने पेशंटला जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि अचूक उपचारही जास्त वेळा केले. तेव्हा तक्त्यात नुसतं 'डॉक्टरचं वय 45, पदवी एमबीबीएस' लिहून भागत नाही. 'कुठल्या खुर्चीत' हेही लिहावं लागतं. डॉक्टरचे गुण आणि दवाखान्याचे गुण असे दोन वेगळे खण त्या प्रश्नावलीत असतात ते म्हणूनच.

यादी झाली. आता दार ठोठवायचं. इथे काकांसारखे लोक भेटतात.

जे डॉक्टर 'हो' म्हणतात आणि जे म्हणत नाहीत, ते एकसारखे नसतात. ज्यांच्याकडे दोन भागीदार आणि रिसेप्शनला मुलगी आहे, त्यांना फॉर्म भरायला वेळ असतो. जे मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शिकवतात त्यांना संशोधनाची आवड असते, भीती नसते. ब्रिटनमध्ये हे वारंवार दिसलं आहे की अभ्यासात सामील होणारी प्रॅक्टिस सहसा मोठी आणि प्रशिक्षण देणारी असते. एकटा डॉक्टर, गरीब वस्ती, दाराशी रांग, असा दवाखाना गळतो. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकोरग नावाच्या खाणकामगारांच्या गावातले जीपी. त्यांनी 1971 मध्ये एक कटू नियम मांडला : जिथे चांगल्या उपचारांची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी मिळतात. संशोधनालाही हाच नियम लागू पडतो असं माझं मत आहे. विजयनगरच्या एसी क्लिनिकची माहिती भरभरून मिळेल, बाणगंगेच्या पत्र्याच्या खोलीची मिळणार नाही. मग निष्कर्ष येईल की इंदुरात अँटिबायोटिक फार जपून दिलं जातं, आणि सगळे टाळ्या वाजवतील.

आपल्या गावात नकाराला आणखी एक कारण आहे. साधारण दीड दशकापूर्वी औषधांच्या चाचण्यांवरून इंदुरात मोठं वादळ उठलं होतं. पेशंटना नीट कल्पना न देता त्यांच्यावर प्रयोग झाले असे आरोप झाले. इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि पुढे देशभरातले संमती घेण्याचे नियम कडक झाले. चांगलंच झालं ते. पण 'रिसर्च' हा शब्द इथल्या डॉक्टरच्या कानाला तेव्हापासून जरा खटकतो. साधी प्रश्नावली असली तरी तो आधी विचारतो, "ह्याच्यात मी कुठे अडकणार तर नाही?"

'नाही' म्हणणाऱ्यांबद्दल काही कळू शकतं का? थोडं कळतं. त्यांची पाटी तर दिसते ना! वस्ती कुठली, पदवी कुठली, बाहेर गर्दी किती, हे बाहेरूनही टिपता येतं. मग 'हो'वाले आणि 'नाही'वाले शेजारीशेजारी मांडायचे आणि फरक बघायचा. दुसरी युक्ती अशी की, पहिल्या फोनवर फॉर्म देणारे आणि चौथ्या फोननंतर कण्हत-कुंथत देणारे यांची तुलना करायची. उशिरा देणारे बरेचदा न देणाऱ्यांचे चुलतभाऊ असतात. त्यांच्यावरून न दिसणाऱ्यांचा अंदाज बांधता येतो, पक्का नव्हे. चांगल्या लेखात हे लिहिलेलं असतं. नसेल तर मी तो लेख थोडा लांबच धरून वाचते.

आता तक्त्यातल्या ओळी. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात, म्हणून वय-लिंग मी पटकन सोडून देते. बाईडॉक्टरकडे बायका-मुलं जास्त जातात, जुन्या डॉक्टरबरोबर त्याचे पेशंटही म्हातारे होतात, एवढं लक्षात असलं की पुरे.

'रोजचे पेशंट' ही ओळ मात्र फसवी. सात दवाखान्यांत रोज 15, 20, 25, 30, 35, 40 आणि 185 पेशंट येतात असं समजा. सरासरी 50 येते, आणि त्या सातांपैकी एकाही दवाखान्यात 50 पेशंट नाहीत. ओळीने लावून मधला आकडा घेतला तर 30, आणि तो खराखुरा दवाखाना आहे. तक्त्यात सरासरी दिलीय की मधला आकडा, हे बघून घ्यायचं.

'एका पेशंटला किती मिनिटं' ही त्याहून फसवी. 2017 साली 67 देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यात बांगलादेशात सरासरी 48 सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. हा आकडा ऐकून काका म्हणाले, "साडेबावीस मिनिटांत तर मी त्याच्या सासूचीही नाडी बघेन." पण मिनिटं मोजली कशी, हे विचारायला हवं. डॉक्टरला विचारलं तर तो 10 सांगतो. घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसलं तर वेगळं निघतं. आणि घड्याळवाला बसलाय हे दिसल्यावर डॉक्टरही जरा सावरून बसतो. टांझानियातल्या अरुशा भागात हे मोजून पाहिलंय : निरीक्षक आल्यावर डॉक्टरांचं काम एकदम सुधारलं, आणि त्याची सवय झाल्यावर हळूहळू पूर्वपदावर आलं. म्हणून तर दास मंडळींनी खोटे पेशंट पाठवले. दिल्लीत क्षयाची लक्षणं सांगणाऱ्या अशाच पेशंटांचा त्यांचा अभ्यास 2015 मध्ये आला. 250 भेटींपैकी फक्त 21 टक्के भेटींत हाताळणी बरोबर होती. आणि लक्षात घ्या, हे डॉक्टर असा कोणीतरी कधीतरी येईल याला आधी संमती दिलेले होते. न दिलेल्यांचं काय असेल, ते मी तुमच्यावर सोपवते.

आता माझी आवडती ओळ, जी परदेशी प्रश्नावलीत बहुधा तळाशी असते किंवा नसतेच : डॉक्टर औषध स्वतः देतात की चिठ्ठी लिहून देतात?

काका दोन्ही करतात. साध्या तापाला कंपाउंडर कागदाच्या पुड्या बांधतो, सकाळ-दुपार-संध्याकाळ, फीमध्येच औषध. भारी औषध असेल तर चिठ्ठी. माझा अँटिबायोटिकचा अभ्यास जर मी केमिस्टच्या बिलांवरून किंवा चिठ्ठ्यांवरून केला, तर पुडीतली गोळी मला दिसणारच नाही. बिलांप्रमाणे काका साधुसंत ठरतील. शेजारच्या गल्लीतला जो डॉक्टर प्रामाणिकपणे सगळंच चिठ्ठीवर लिहितो, तो मात्र खलनायक. आपल्या गरीब वस्त्यांतल्या उपचारांचा केवढा तरी भाग या पुड्यांत आहे. कागदावर तो उमटत नाही, त्यामुळे कागदावरून काढलेल्या टक्केवारीतही नसतो. आपल्या गावासाठी तक्ता बनवायचा तर ही ओळ मी सर्वांत वर घेईन, वयाच्याही आधी.

आणखी एक गोष्ट थोडी क्लिष्ट आहे. पण तिच्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो, म्हणून जरा दम धरा.

समजा मी 20 डॉक्टरांकडून प्रत्येकी 30 पेशंट घेतले. एकूण 600. मी छाती फुगवून लिहीन, '600 पेशंटांचा अभ्यास'. पण एका डॉक्टरचे 30 पेशंट हे 30 सुटी माणसं नसतात. त्यांची वस्ती एक, पाणी एक, आणि औषध लिहिणारा हातही एकच. ज्या डॉक्टरला अँटिबायोटिकची सवय आहे त्याच्या तिसांपैकी पंचवीस जणांना ते मिळणार. लग्नाच्या पंगतीत एकाच घरातल्या दहा जणांना 'जेवण कसं होतं' विचारलं तर दहा मतं मिळत नाहीत, दीड-दोन मिळतात. तसंच हे.

याचा हिशेब करायला एक सूत्र आहे. एका डॉक्टरमागचे पेशंट वजा एक, गुणिले त्यांच्यातल्या सारखेपणाचा आकडा, अधिक एक. सारखेपणा 0.05 धरू, म्हणजे अगदी किंचित. 29 गुणिले 0.05 म्हणजे 1.45, अधिक एक, 2.45. आता 600 ला 2.45 ने भागा : साधारण 245. माझ्या सहाशेंची ताकद प्रत्यक्षात 245 सुट्या माणसांएवढीच. त्याऐवजी मी 60 डॉक्टरांकडे जाऊन प्रत्येकी 10 पेशंट घेतले असते, तर 9 गुणिले 0.05 अधिक एक, म्हणजे 1.45. ताकद 414 ची. मेहनत पेशंटांवर नाही, डॉक्टरांवर करायची असते. म्हणून लेख वाचताना 'पेशंट किती' याच्याआधी 'डॉक्टर किती' बघावं. तो आकडा पहिल्या तक्त्याच्या डोक्यावरच छापलेला असतो. बारा डॉक्टर असतील, तर पेशंट दहा हजार असोत, मी फार उत्साहात येत नाही.

जाता जाता, लुई लसान्या या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाच्या नावाने एक विनोदी नियम प्रसिद्ध आहे. अभ्यास सुरू झाला की त्या रोगाचे पेशंट अचानक नाहीसे होतात, आणि अभ्यास संपला की परत येतात. कारण साधं आहे. डॉक्टर आपल्याकडे अमुक पेशंट 'पुष्कळ' येतात म्हणतो ते आठवणीतून, मोजून नाही. काकांना मी विचारलं, मधुमेहाचे पेशंट किती? म्हणाले, "अगं, निम्मे तेच." कंपाउंडरकडून आठवडाभर पाच-पाचच्या काड्या मांडून घेतल्या. निम्मे नव्हते, आसपासही नव्हते. मधुमेहाचे पेशंट दर महिन्याला येतात, गप्पा मारतात, तक्रारी करतात, म्हणून ते मनात जास्त जागा अडवतात.

तर त्या आठ पानांकडे परत येते. एका रविवारी मी आणि काका ती भरायला बसलो. काकूने साबुदाण्याची खिचडी केली होती. वय, पदवी, वर्षं झरझर झालं. तिसऱ्या पानावर काका अडले. प्रश्न होता : 'आपल्या प्रॅक्टिसमध्ये नोंदणीकृत रुग्णांची एकूण संख्या किती?'

"नोंदणीकृत म्हणजे?"

"म्हणजे काका, जे तुमचेच पेशंट आहेत असे."

"माझेच असं कोण असतं? तो चौकातला पानवाला. ताप आला की माझ्याकडे, पाठ दुखली की परदेशीपुऱ्याच्या वैद्याकडे, मुलगा आजारी पडला की सरकारी संजीवनी क्लिनिकात, तिथे फुकट असतं. बायकोचं सगळं विजयनगरला. आता सांग, तो कोणाचा?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो प्रश्न जिथून उचलला होता तिथे उत्तर असतं, कारण तिथे माणूस एकाच प्रॅक्टिसच्या यादीवर असतो. त्या यादीमुळेच ब्रिटनचे जीपी कित्येक दशकांपासून सांगू शकतात की या आठवड्यात लाखामागे फ्लूचे इतके रुग्ण. वरचा आकडा दवाखान्यातून येतो, खालचा लाख यादीतून. आपल्याकडे वरचा आकडा कसाबसा मिळतो, पण भागाकाराला खाली काहीच नसतं. पानवाला तीन दवाखान्यांत तीनदा मोजला जातो, नाहीतर एकदाही नाही. आपल्या दवाखान्यांवरच्या संशोधनात 'रोगाचं प्रमाण' असं मोठ्या ऐटीत लिहिलेलं दिसलं, की खालचा आकडा कुठून आणला हे मी आधी शोधते.

काकांनी त्या चौकटीत लिहिलं : 'सोमवारी 71, गुरुवारी 38'. कंपाउंडरच्या काड्यांतून घेतलेले खरे आकडे होते ते. चौकट एका आकड्यापुरती होती, म्हणून अर्धं उत्तर समासात गेलं. पुढच्या पानावर औषधांबद्दल प्रश्न होते. सगळे चिठ्ठीबद्दल. पुड्यांची ओळ नव्हती. काकांनी खाली स्वतःच्या हाताने ती ओळ आखली, 'औषध दवाखान्यातून दिले जाते', आणि पुढे बरोबरची खूण केली. डॉक्टरांच्या मानाने अक्षर बरं होतं.

मी आठही पानांचे फोटो काढून त्या मुलाच्या नंबरवर पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं : 'धन्यवाद सर, पण माहिती घेण्याची मुदत डिसेंबरमध्येच संपली.'

मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, कागद नीट जुळवले आणि पेपरवेट उचलला.

"राहू दे इथेच," म्हणाले. "पुढच्या वेळी कोणी आला तर ह्याच्यावरूनच उतरवून देईन. पुढचा कोण आहे रे बाहेर?"

रविवार होता. बाहेर कोणी नव्हतं.